नेहमीप्रमाणे

"भावजी, संगणकाचा पडदा परत अडकला हो! व्हॉल्व्ह बंद करायला मी आत्ता दाबते आणि तो मेला चार सेकंदांनी बंद होतो. तोवर टाकी भरून रस्त्यावर पाणी."

हा वहिनीचा फोन. आठवड्यातून तीनदा तरी यायचा आणि मी दर वेळी म्हणायचो, "बघतो." सगळं रामायण त्या "बघतो"पासून सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो. मध्येमध्ये मी स्वतःला शिव्या घालीन, तिकडे लक्ष देऊ नका.

हर्षदा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा, बिनआईचा आणि महाद्वाड. तिनं मला न्हाऊ घातलं, मारलं, जवळ घेतलं, पाढे पाठ करून घेतले. दादा वारला तेव्हा तिची ऋतुजा तीन वर्षांची होती. पुढे वहिनीला आंबेरी खोऱ्याच्या पाणी योजनेत ऑपरेटरची नोकरी लागली. बारा गावांचे पंप, टाक्या, व्हॉल्व्ह आणि पाण्यात पडणारा क्लोरीनचा डोस, हे सगळं तालुक्याच्या एका खोलीत बसून एका पडद्यावर सांभाळायचं. पाळी बारा तासांची, माणूस एक.

आणि मी, समाधान घोलप, जिल्ह्याच्या गावी ज्या कंपनीत होतो, तिच्याकडे नेमकं त्या पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं काम होतं.

त्याआधी दोन वर्षं कुठल्याशा योजनेत मोठा अपघात झाला होता आणि कोणी काय दाबलं हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. म्हणून सरकारनं नियम काढला: जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे ऑपरेटरचा पडदा पूर्ण पाळीभर रेकॉर्ड झालाच पाहिजे. नियम चांगलाच होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण नियम नवा आणि संगणक जुने. पडद्यावर वीस लाख ठिपके असतात. सेकंदाला तीस वेळा त्या सगळ्यांचं चित्र घ्यायचं, दाबून लहान करायचं, साठवायचं आणि हे बारा तास करत राहायचं. गरीब बिचाऱ्या प्रोसेसरची ऐंशी टक्के ताकद त्यातच जायची. उरलेल्या वीस टक्क्यांत त्यानं बारा गावांना पाणी पाजायचं. नाकापेक्षा मोती जड!

मी आधी साधे उपाय केले. सेकंदाला तीसऐवजी पाच चित्रं घेतली. पडद्याचा जो भाग बदलला तेवढाच साठवला. वहिनीनं मागे हलत्या धबधब्याचं चित्र लावलं होतं, ते काढायला लावलं.

"तेवढंच एक बघायला बरं होतं," ती म्हणाली.

"तुझ्या धबधब्यानं अकरा टक्के खाल्ले वहिनी."

"खाईना का! तुमच्या सरकारचं काय जातं?" पण काढला तिनं.

तरी भार चाळीसच्या खाली येईना. तेव्हा मला ती युक्ती सुचली, जिच्यासाठी पुढे कंपनीनं मला शाल-श्रीफळ दिलं. मी रेकॉर्डरला अंदाज करायला शिकवलं. प्रत्येक ऑपरेटरच्या तीन महिन्यांच्या पाळ्या त्याला दाखवल्या. किती वाजता कुठला आकडा कुठे असतो, कोणाचा माऊस कसा फिरतो, कोण कधी काय दाबतं. मग तो पुढचं चित्र आधीच स्वतः काढून ठेवायचा. खरा पडदा त्याच्याशी जुळला की चित्र साठवायचंच नाही, फक्त एक खूण लिहायची: 'नेहमीप्रमाणे'. वेगळं काही दिसलं तर तेवढंच साठवायचं. पुढे कोणी रेकॉर्डिंग मागितलं, की जिल्ह्याच्या मोठ्या संगणकावर त्या खुणांवरून सगळं चित्र पुन्हा काढलं जायचं. बघणाऱ्याला तो सरळसोट व्हिडिओच वाटायचा.

भार चार टक्क्यांवर आला. आमचे पेडणेकर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी त्याचं नाव 'हलका' ठेवलं आणि सहा महिन्यांत तो अर्ध्या राज्यात गेला.

एक कुरकुर मात्र राहिली. रोज दुपारी चारला स्वस्त विजेची वेळ सुरू व्हायची आणि सगळे पंप एकदम चालू व्हायचे. तेव्हा माहितीचा असा लोंढा यायचा, की पडदा पुन्हा अडकायचा. "भावजी, बाकी छान आहे, पण चारला बघा ना काहीतरी." मग मी एक सेटिंग टाकलं. प्रोसेसर नव्वदच्या वर गेला, की हलक्यानं बाजूला व्हायचं. पडदा बघायचा नाही, जुळवायचा नाही, 'नेहमीप्रमाणे' लिहून मोकळं व्हायचं. कॉलेजात मित्राच्या नावानं "हजर" ओरडतात ना, त्यातलाच प्रकार. दहा-वीस सेकंदांचा तर प्रश्न, असं म्हणालो. कोणाला विचारलं नाही, कागदावर घेतलं नाही. वहिनीचा फोन आला, "आता कसं लोण्यासारखं चालतंय!" आणि मला फार बरं वाटलं.

यंत्राचा भार उतरल्याचं वरच्यांना कळलं, तसा त्यांनी तो माणसावर चढवला. बाराची चौतीस गावं झाली. माणूस एकच राहिला आणि संगणकही तोच.

*

आता लाल डब्याबद्दल सांगायला हवं. खडकओढ्याच्या टाकीवर क्लोरीन मोजायचं यंत्र पंपाला अगदी खेटून बसवलं होतं. पंप सुरू झाला की ते हादरायचं आणि वहिनीच्या पडद्यावर लाल चौकोन यायचा: क्लोरीन नाही. रोज, चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास. क्लोरीन व्यवस्थित असायचं. तीन वेळा तक्रारीचं पत्र गेलं, कोणी फिरकलं नाही. जुने ऑपरेटर जगताप मामा नव्या माणसाला शिकवतानाच सांगायचे, "तो डबा म्हणजे शेजारचं कुत्रं. भुंकतं, चावत नाही. मिटवायचा आणि पुढं बघायचं." सगळे मिटवायचे. वहिनीही मिटवायची. बटण दाबण्याआधी माऊस दोनदा गोल फिरवायची तिला सवय होती, तांदूळ निवडताना बोट फिरवतात तशी.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी खडकओढ्याला क्लोरीन सोडणारी नळी खरोखर तुंबली. बुधवारी गावात गॅस्ट्रोची साथ उसळली. रविवारपर्यंत नऊ माणसं गेली. त्यातली सहा मुलं.

आमच्या ऑफिसात पोलीस अधिकारी, पेडणेकर साहेब, वहिनी आणि मी असे चौघं बसून सोमवारचं रेकॉर्डिंग बघत होतो. चार वाजून दहा मिनिटं. लाल डबा आला. माऊस त्याच्याकडे गेला, दोनदा गोल फिरला, डबा मिटला. क्लोरीनच्या यंत्राची नोंदही तेच सांगत होती, की चार वाजून नऊ मिनिटांनी इशारा पाठवला होता.

"हा हात तुमचाच ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

वहिनी म्हणाली, "हात माझाच आहे साहेब. पण डबा आला नव्हता. सोमवारी आलाच नव्हता, म्हणून तर मला बरं वाटलं होतं, की चला, मेल्यांनी यंत्र दुरुस्त केलं एकदाचं. पडदा हिरवा होता."

"मग हे काय दिसतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होतो.

दोन दिवस मी ती फाइल उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी नसताना उघडली. व्हिडिओ नव्हे, त्याच्या मागची खुणांची फाइल. चार वाजून सहा मिनिटं ते चार वाजून एकोणीस, सगळीकडे एकच खूण: नेहमीप्रमाणे, नेहमीप्रमाणे, नेहमीप्रमाणे. मी दहा-वीस सेकंद धरले होते. त्या दिवशी चौतीस गावांचे पंप एकदम सुरू झाल्यावर प्रोसेसर तेरा मिनिटं नव्वदच्या वर अडकून पडला होता. पडदा हिरव्यावर गोठला. खरा इशारा रांगेत मागे राहिला आणि शेवटी गळून गेला. हलक्यानं त्या तेरा मिनिटांत पडद्याकडे बघितलंच नव्हतं. तो डबा, तो माऊस, ती दोन वळणं, सगळं त्यानं वहिनीच्या सवयीवरून काढलेलं होतं. तिनं जे केलंच नाही, ते तिच्याच हातानं केलेलं दाखवलं होतं.

उठून सरळ पोलीस स्टेशनला जायचं, इतकं सोपं काम होतं. आणि मी काय केलं? चौथ्या दिवशी ते सेटिंग काढून टाकलं.

*

वहिनीला अटक झाली, तरी का बोललो नाही? सांगतो, गोड करून सांगत नाही. भ्यालो. सेटिंग माझं, परवानगी नाही, कागद नाही. बोललो असतो तर वहिनी बाहेर आणि मी आत. शिवाय हलक्याची रेकॉर्डिंगं तोवर कुठकुठल्या खटल्यांत पुरावा म्हणून लागली होती, ते सगळे खटले माझ्या अंगावर कोसळले असते. मी मनाची समजूत घालत होतो, की कोर्ट काय आंधळं आहे? डबा रोज खोटाच यायचा, हे सिद्ध होईल, तिला सोडतील. तिचा जामीन दोनदा फेटाळला गेला. तरी मी म्हणत होतो, पुढच्या तारखेला बघू.

खुणांच्या फाइली नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जायच्या. जागा वाचवायची तीही माझीच काटकसर. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि कपाटात ठेवली. तेवढ्यानं आपण काहीतरी केलं असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मी नीट जेवलो.

ऋतुजा आमच्याकडे राहायला आली. बारावीत होती. ते रेकॉर्डिंग सगळ्या बातम्यांत दाखवलं गेलं होतं. ती मला म्हणाली, "काका, आई म्हणते डबा आला नव्हता. पण तो आईचाच हात आहे. मला लहानपणी गणित समजावतानासुद्धा ती पेन्सिल अशीच फिरवायची. चूक झाली म्हणाली असती, तरी मी तिला भेटायला गेले असते. खोटं का बोलते ती?"

मी उठून तिच्यासाठी चहा टाकला.

तुरुंगात महिन्यातून दोनदा भेट मिळायची. पहिल्या महिन्यात वहिनी ठणकावून सांगायची, "डबा नव्हता. देवाशपथ नव्हता." चौथ्या महिन्यात म्हणाली, "तपासात दाखवतात, कोर्टात दाखवतात, आपल्या मुजावर वकीलबाईसुद्धा दाखवून दाखवून प्रश्न विचारतात. शंभरदा तरी बघितलं असेल मी. भावजी, आला असेल का हो? वर्षानुवर्षं रोज मिटवलाय. त्या एका दिवशीच कसा नसेल मिटवला?"

"तुला आठवतं तेच खरं धर," मी म्हणालो. बघा माझी हिंमत! सल्ला देत होतो.

आठव्या महिन्यात ती अगदी शांत होती. "आठवलं मला. आला होता. चहाचा कप डाव्या हाताला होता आणि मी उजव्या हातानं मिटवला. बोटाला अजून आठवतंय." मग तिनं त्या सहा मुलांची नावं वय आणि आईच्या नावासकट म्हणून दाखवली. रोज सकाळी म्हणते म्हणाली.

मुजावर बाईंना मी बाहेर गाठून विचारलं, "असं होतं का हो?" त्या म्हणाल्या, "घोलप, मी पंचवीस वर्षं साक्षीदार बघतेय. माणूस एखादी गोष्ट आठवतो म्हणजे दर वेळी थोडं नव्यानं रचतो. त्यात पुढ्यात रोज एकच व्हिडिओ! तुमच्या वहिनी आता गुन्हा कबूल करणार म्हणतात. माझं काही ऐकत नाहीत."

कबुलीची तारीख ठरली. चौदावा महिना होता. तारखेच्या पाच दिवस आधी मी कपाटातून पेनड्राइव्ह काढला आणि भेटीला गेलो.

जाळीपलीकडे वहिनी बसली होती. केस अर्धे पांढरे झाले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. हलका काय करतो, सेटिंग काय होतं, तेरा मिनिटं काय झालं. "तू काही केलं नाहीस वहिनी. डबा आलाच नव्हता. तुला पहिल्या दिवशी आठवत होतं तेच खरं होतं. माझ्याकडे पुरावा आहे."

ती ऐकत गेली, तसा तिच्या चेहऱ्यात जीव आला. तिनं जाळीत बोटं अडकवली. "म्हणजे ती लेकरं माझ्या हातून नाही गेली?"

"नाही."

"भावजी, खरं सांगताय?"

"तुझी शपथ."

ती रडायला लागली. मीही. जाळीतून एकमेकांची बोटं धरून आम्ही कितीतरी वेळ रडत होतो. चौदा महिन्यांत मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि सहज विचारलं, "कधी कळलं हो तुम्हाला?"

गेल्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण मला वाटलं, आता एकही खोटं नको.

"तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"कशाच्या तिसऱ्या दिवशी?"

"ऑफिसात रेकॉर्डिंग बघितलं त्याच्या."

तिनं जाळीतून बोटं काढून घेतली. हिशेब तिच्या चेहऱ्यावर होताना मला दिसत होता: दोन दिवाळ्या, दोनदा फेटाळलेला जामीन, एकदाही भेटायला न आलेली ऋतुजा, रोज सकाळची सहा नावं. शेवटी ती मान हलवून म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"असं नाही झालेलं. तुम्ही असं करणारच नाही. मी वाढवलंय तुम्हाला." तिचा आवाज एकदम घट्ट झाला. "डबा आला होता. मी मिटवला. मला आठवतंय. तुम्हाला माझी दया येते म्हणून तुम्ही हे रचून आणलंय."

"वहिनी, ऐक—"

"भावजी, ते मला पेलतंय. तुमचं हे नाही पेलवणार. घरी जा. ऋतुजाला सांभाळा."

वेळ संपल्याचं शिपाईबाईनं सांगायच्या आतच ती उठून गेली.

*

मी तरी साक्ष दिली. मुजावर बाईंनी धडपड करून मला उभं केलं. पेनड्राइव्ह दाखल झाला. सरकारी वकील उठले. मूळ फाइल कुठे आहे? पुसली गेली. कोणाच्या प्रणालीनं? माझ्या. ते सेटिंग दाखवा. काढून टाकलं. कोणी? मी. पेडणेकर साहेबांनी लिहून दिलं होतं, की असं कुठलंही सेटिंग कंपनीनं कधी मंजूर केलेलं नाही, आणि ते शब्दशः खरं होतं. वकील म्हणाले, "म्हणजे यंत्र तुमचं, नोंद तुमची, पुसलीत तुम्ही, प्रतही तुमची, आणि आरोपी तुमच्या वहिनी. बरोबर?"

मी म्हणालो, "बरोबर. पण हेच खरं आहे."

न्यायाधीशांनी वहिनीला विचारलं, की तुम्हाला काय म्हणायचंय. तिनं हात जोडले. "साहेब, हे माझे धाकटे दीर. माझ्यावर फार जीव आहे त्यांचा. मला वाचवायला सगळं स्वतःवर घेतायत. त्यांच्यावर काही कारवाई करू नका. लाल डबा आला होता, मी बघितला आणि मी मिटवला."

"खोटं आहे हे!" मी ओरडलो. शिपायानं मला खाली बसवलं.

न्यायाधीश माझ्याकडे रागानं बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "घोलप, न्यायालय तुमच्या भावना समजू शकतं. पण खोटी साक्ष हा गुन्हा असतो, हे ध्यानात ठेवा. या खेपेला फक्त समज देतो."

वहिनीला सात वर्षं झाली.

बाहेर व्हरांड्यात ऋतुजा उभी होती. आईला पहिल्यांदाच बघायला आली होती. पोलिसांची गाडी वहिनीला घेऊन गेली त्या दिशेला ती बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याजवळ आली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"काका," ती म्हणाली, "आईसाठी तुम्ही एवढं खोटं बोललात. मी हे जन्मभर विसरणार नाही."

तिचे हात गार पडले होते. मी म्हटलं, "चल, काहीतरी खाऊन घे आधी."